हरिणीचा नातू : ‘ऑस्कर’ या नावाची गोष्ट

१९८३ च्या एप्रिल महिन्यात कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत अकादमी पुरस्कार मिळाला आणि ‘ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती’ ही ओळख त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. त्या सोनेरी पुतळ्याचे मूळ नाव मात्र ‘अकादमी अवॉर्ड ऑफ मेरिट’. ‘ऑस्कर’ हे त्याचे टोपणनाव. १९३० च्या दशकात ते रूढ झाले आणि १९३९ मध्ये अकादमीने त्याला मान्यता दिली. ते प्रथम कोणी वापरले याचे तीन दावेदार आहेत : अकादमीच्या ग्रंथपाल मार्गारेट हेरिक, अभिनेत्री बेटी डेव्हिस आणि स्तंभलेखक सिडनी स्कोल्स्की. हा तंटा हॉलिवूडने मिटवावा. इतिहासाच्या वाचकाला खुणावते ती वेगळीच गोष्ट. हेरिकबाईंच्या कथेत त्यांचे एक ऑस्करकाका आहेत, डेव्हिसबाईंच्या कथेत पतीचे मधले नाव ऑस्कर आहे. म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या घराघरांत हे नाव सहज आढळत होते. गेलिक भाषेतील एका वीराचे नाव तिथवर पोचले कसे? आजचा धागा त्या प्रवासाचा.

बाळांची नावे सुचवणाऱ्या संकेतस्थळांवर उत्तर एका ओळीत मिळते : ‘ऑस्कर, मूळ केल्टिक, अर्थ हरणांचा मित्र’. ही ओळ चूक नाही, पण मला ती अपुरी, किंबहुना दिशाभूल करणारी वाटते. नावाचा कोशातील अर्थ हा त्याच्या इतिहासाचा सर्वांत लहान भाग असतो. ते कोणी जपले, कोणी उचलले, कोणाला मिरवता आले आणि कोणाला त्यासाठी दंड भरावा लागला, हे ‘मूळ केल्टिक’ या दोन शब्दांत झाकून जाते.

तरीही अर्थापासूनच सुरुवात करू. आयरिश भाषेत ‘ओस’ म्हणजे हरीण आणि ‘कारा’ म्हणजे मित्र, जिवलग. यातला ‘ओस’ हा इंग्रजीतील ‘ऑक्स’ आणि संस्कृतातील ‘उक्षन्’ (बैल) या शब्दांचा नातलग आहे, तर ‘कारा’ हा लॅटिन ‘कारुस’ (प्रिय) आणि संस्कृत ‘काम’ यांचा. इथे लगेच ‘म्हणजे आयरिश संस्कृतातून निघाली’ असा संदेश पुढे ढकलण्याचा मोह आवरावा. ही भावंडे आहेत, मायलेकरे नव्हेत. दोन्ही भाषा एकाच, आता लुप्त झालेल्या, इंडो-युरोपीय पूर्वजाकडून आल्या. शिवाय या व्युत्पत्तीला प्रतिस्पर्धीही आहे. जुन्या इंग्रजीत ‘ओसगार’ आणि नॉर्समध्ये ‘आसगेर’ अशी नावे होती, अर्थ ‘देवाचा भाला’. एकोणिसाव्या शतकात हाइनरिक त्सिमर या जर्मन पंडिताने आयरिश ऑस्कर हा व्हायकिंगांकडून उचललेला ‘आसगेर’ असल्याचे मांडले होते. आयरिश कथा ज्यांनी रचल्या त्यांच्या कानाला मात्र त्यात हरीणच ऐकू येत असणार, कारण या वीराचे सारे कुळच हरणाचे आहे.

ती कथा अशी. फिआना नावाच्या भटक्या योद्ध्यांच्या टोळीचा नायक फिन मॅक कूल. त्याची पत्नी साइव्ह. एका द्रुइडाच्या शापाने ती हरिणी झालेली, फिनच्या गडात पाऊल टाकताच तिला पुन्हा मानवी रूप मिळते. फिन युद्धावर गेलेला असताना तोच द्रुइड तिला फसवून बाहेर काढतो आणि ती पुन्हा रानात नाहीशी होते. वर्षांनंतर फिनच्या कुत्र्यांना रानात एक मुलगा सापडतो, हरिणीने वाढवलेला. फिन त्याला ओळखतो, त्याचे नाव ठेवतो ओशीन, म्हणजे ‘हरणाचे पाडस’. ओशीन पुढे कवी होतो आणि त्याचा मुलगा म्हणजे ऑस्कर.

ऑस्कर हा फिआनातील सर्वांत बलवान योद्धा. गावराच्या लढाईत आयर्लंडचा राजा कार्ब्रे आणि तो एकमेकांच्या हातून मरतात आणि तिथेच फिआनाचा अस्त होतो. परंपरा सांगते की फिन आयुष्यात दोनदाच रडला : एकदा ब्रान या कुत्र्यासाठी आणि एकदा या नातवासाठी. सुमारे १२०० च्या आसपास रचलेल्या ‘आकल्लव’ या ग्रंथात फिआनातील शेवटचे वृद्ध, क्वीलते आणि ओशीन, थेट संत पॅट्रिकच्या काळापर्यंत जिवंत राहतात आणि ख्रिस्ती धर्मगुरूला आपल्या मेलेल्या सोबत्यांच्या गोष्टी सांगतात. जुन्या जगाने नव्या जगाला दिलेली ही साक्ष. मला तो मध्ययुगीन युरोपातील अत्यंत हृद्य ग्रंथांपैकी एक वाटतो.

या गोष्टी आयर्लंडइतक्याच स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही गायल्या जात, कारण समुद्राच्या दोन्ही काठांवर भाषा एकच होती. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पर्थशायरमधील एका धर्माधिकाऱ्याने व त्याच्या भावाने गेलिक कवितांचा मोठा संग्रह लिहून काढला. ‘लिझमोरच्या डीनचे पुस्तक’ म्हणून तो ओळखला जातो. त्यात ऑस्करच्या मृत्यूचे गीत आहे. हे हस्तलिखित लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १७५९ सालात येऊ. जेम्स मॅकफर्सन हा बावीस-तेवीस वर्षांचा शिक्षक. जन्म १७३६, बेडनॉक भागातील रुथव्हेन येथे, मातृभाषा गेलिक. तो नऊ-दहा वर्षांचा असताना कलोडनच्या रणांगणावर जॅकोबाइट बंड चिरडले गेले. त्याच्या कुळाचा प्रमुख बंडात होता, त्यामुळे पुढची नऊ वर्षे तो डोंगरात लपून राहिला. लगोलग कायदा आला : शस्त्रे बाळगायची नाहीत, डोंगरी पोशाख घालायचा नाही. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. असे बालपण पाहिलेला हा तरुण मोफाट या गावी जॉन होम या नाटककाराला भेटतो. गेलिक कवितेचा नमुना पाहायची इच्छा होम व्यक्त करतो. मॅकफर्सन काही दिवसांत त्याला इंग्रजीत एक तुकडा लिहून देतो. त्याचा विषय होता ऑस्करचा मृत्यू.

पण हा मृत्यू गावराच्या लढाईतला नव्हता. मॅकफर्सनचा ऑस्कर एका मुलीवरून आपल्या मित्राशी लढतो, मित्राला मारतो आणि मग स्वतःचा मृत्यू ओढवून घेतो. गेलिक परंपरेशी याचे नाते नावापुरतेच. अठराव्या शतकातील शहरी वाचकाला रडवील अशी ती हळवी शोकांतिका होती, आणि तिने एडिंबरोला रडवलेही. १७६० मध्ये तुकड्यांचे पुस्तक निघाले, मागोमाग ‘फिंगल’ आणि १७६३ मध्ये ‘टेमोरा’ ही अख्खी महाकाव्ये. तिसऱ्या शतकातील अंध कवी ‘ओसियन’ (आपला ओशीन) याने ती रचली आणि आपण केवळ अनुवादक, असा मॅकफर्सनचा दावा. आयर्लंडचा फिन त्याने स्कॉटलंडचा राजा ‘फिंगल’ करून टाकला.

सॅम्युअल जॉन्सन यांनी या दाव्याचे वाभाडे काढले. १७७३ मध्ये ते स्वतः हेब्रिडीज बेटांवर जाऊन आले आणि १७७५ च्या प्रवासवर्णनात त्यांनी मूळ हस्तलिखिते दाखवा असे आव्हान दिले. मॅकफर्सनने धमकीवजा पत्र धाडले. जॉन्सननी उत्तर तर दिलेच, शिवाय एक जाडजूड सोटाही विकत घेऊन ठेवला. आज दोघेही वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरलेले आहेत. मॅकफर्सनने त्या जागेची तजवीज स्वखर्चाने केली होती.

तेवढा पैसा कुठून आला, याचे एक उत्तर भारतात आहे. मॅकफर्सन पुढे अर्काटचा नवाब मुहम्मद अली वालाजाह याचा लंडनमधील वकील झाला आणि पार्लमेंटात बसला. त्याचा कुळबंधू व मित्र जॉन मॅकफर्सन १७८५-८६ मध्ये कलकत्त्याला हंगामी गव्हर्नर जनरल होता. पुणे दरबारी चार्ल्स मॅलेटची रेसिडेंट म्हणून नेमणूक झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. पेशवाईच्या वाचकांना मॅलेट ठाऊक आहे, पण त्याला पाठवणाऱ्याचे घराणे ओसियनच्या वादात गुंतलेले होते हे सहसा ध्यानात येत नाही. एवढेच नव्हे, ओसियनची ‘मूळ’ गेलिक संहिता छापण्यासाठी भारतातील स्कॉटिश अधिकाऱ्यांनी सुमारे १००० पौंडांची वर्गणी गोळा केली होती. ती संहिता निघाली १८०७ मध्ये, मॅकफर्सनच्या मृत्यूनंतर. अभ्यासकांनी तपासली तेव्हा ती बव्हंशी इंग्रजीवरून उलट गेलिकमध्ये केलेले भाषांतर निघाली. गंगाकाठी जमवलेल्या पैशांतून बनावट मूळ छापले गेले!

मग मॅकफर्सन हा निव्वळ भामटा ठरतो का? इतिहासाच्या कट्ट्यांवर ‘खोटे’ हा शब्द फार लवकर उच्चारला जातो, म्हणून इथे थोडे थांबावे असे मला वाटते. १९५२ मध्ये डेरिक थॉमसन यांनी त्याचे लेखन गेलिक गीतांशी ताडून पाहिले. त्याने डझनभराहून अधिक अस्सल गीते ऐकलेली वा मिळवलेली होती आणि त्यांवर मनसोक्त कलम केले होते. ‘टेमोरा’मध्ये ऑस्करला मारणारा ‘केअरबार’ हा परंपरेतला कार्ब्रेच आहे. म्हणजे वस्तू अस्सल, घडण त्याची. दुसरीकडे, हस्तलिखिते नाहीत असे ठणकावणारे जॉन्सन मॅकफर्सनबाबत बरोबर होते, पण गेलिकबाबत साफ चुकले. शंभर वर्षांहून जुने गेलिक लेखन अस्तित्वातच नाही अशी त्यांची समजूत होती. त्याआधी अडीचशे वर्षे डीनच्या पुस्तकात ऑस्करचे मरणगीत शाईने उतरलेले होते.

मॅकफर्सनने कल्पनाशक्ती चालवली याचा मला राग नाही. आपले गायक त्याने लपवले, याचा आहे. ज्या म्हाताऱ्यांनी, ज्या घरांतल्या चुलीभोवती बसून त्याला गीते ऐकवली त्यांना बाजूला सारून त्याने दीड हजार वर्षांपूर्वीचा एक अंध महाकवी उभा केला. परिणाम दुहेरी झाला. भोळ्यांनी महाकाव्य खरे मानले, आणि भ्रम फुटल्यावर शहाण्यांनी गेलिक मौखिक परंपरेलाच थोतांड ठरवले. दोन्हीकडून गाणारा माणूस नाहीसा झाला.

वेगळे करता येत नव्हते असे नाही. १७८९ मध्ये डब्लिनला शार्लट ब्रूक या विदुषीने आयरिश कवितांचा संग्रह काढला. इंग्रजी अनुवादासोबत मूळ आयरिश संहिता आयरिश लिपीत छापली. त्यात गावराच्या लढाईच्या तोंडावर ऑस्करला उद्देशून म्हटलेले युद्धगीत आहे. कोणीही मूळ वाचावे, अनुवाद पारखावा. तोच वीर, तेच अठरावे शतक, पण हात स्वच्छ. वाचक मात्र मॅकफर्सनच्या तुलनेत मूठभर. युरोपला पुरावा नको होता, धुके हवे होते.

आणि धुक्याने युरोप खरोखर व्यापला. इटालियनमध्ये चेझारोत्तीचा अनुवाद आला, गटेच्या वेर्टरने प्रेयसीला ओसियन वाचून दाखवला, नेपोलियन तर त्याचा निस्सीम भक्त. रोममधील राजवाड्यातील त्याच्या शयनगृहासाठी चित्रकार ॲंग्रने ‘ओसियनचे स्वप्न’ रंगवले. या लाटेत ४ जुलै १७९९ रोजी पॅरिसमध्ये सेनापती बर्नादोत आणि देझिरे क्लारी यांना मुलगा झाला, त्याचे एक नाव ठेवले ऑस्कर. हे नाव नेपोलियनने सुचवले आणि तोच धर्मपिता होता, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. त्या दिवशी नेपोलियन इजिप्तमध्ये होता हे जाता जाता नोंदवून ठेवू. धर्मपिता म्हणून त्याचा भाऊ जोसेफ याचेही नाव येते. नाव ओसियनच्या काव्यातले, एवढे मात्र निश्चित.

१८१० मध्ये स्वीडनने निपुत्रिक राजासाठी वारस म्हणून याच बर्नादोतची निवड केली आणि अकरा वर्षांचा ऑस्कर राजपुत्र झाला. १८४४ ते १८५९ तो स्वीडन व नॉर्वेचा राजा ऑस्कर पहिला. त्याचा मुलगा ऑस्कर दुसरा १८७२ ते १९०७ गादीवर. राजाचे नाव प्रजेने उचलणे ही जगाची रीत आहे. स्कँडिनेव्हियात घरोघरी ऑस्कर झाले, आणि तिथून लाखोंच्या संख्येने अमेरिकेत गेलेल्या शेतकऱ्यांनी ते सोबत नेले. ‘ऑस्करकाकां’चे कोडे बऱ्याच अंशी इथे सुटते. ऑस्कर दुसरा याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त ठेवलेले गणिताचे पारितोषिक १८८९ मध्ये आंरी प्वांकारे यांना तीन पिंडांच्या समस्येवरील लेखासाठी मिळाले. ऑस्लोच्या खाडीतील ‘ऑस्कर्सबोर्ग’ किल्ला ऑस्कर पहिल्याच्या नावाचा. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे त्याच्या जुनाट तोफांनी व टॉर्पेडोंनी ‘ब्ल्यूखर’ ही जर्मन युद्धनौका बुडवली आणि नॉर्वेच्या राजाला निसटायला वेळ मिळाला. हरिणीच्या नातवाच्या नावाने शेवटी एक लढाई जिंकली म्हणायची.

आयर्लंडमध्ये मात्र चित्र वेगळे. १६ ऑक्टोबर १८५४ रोजी डब्लिनमध्ये जन्मलेल्या एका मुलाचे नाव ठेवले गेले ऑस्कर फिंगल ओफ्लाहर्टी विल्स वाइल्ड. वडील विल्यम वाइल्ड नामांकित शल्यचिकित्सक व पुराणवस्तूंचे अभ्यासक, आई जेन ‘स्पेरांझा’ या नावाने लिहिणारी राष्ट्रवादी कवयित्री. ‘फिंगल’ हे नाव पाहा : आयरिश अभिमानाने ठेवलेले, पण मॅकफर्सनच्या स्कॉटिश रूपात! ज्या १८५१ च्या जनगणनेच्या कामात विल्यम वाइल्ड होते तिने प्रथमच आयरिश बोलणाऱ्यांची मोजणी केली. दुष्काळानंतरच्या त्या देशात ते प्रमाण सुमारे २३ टक्के उरले होते. इंग्रजीभाषक सुशिक्षित घर मुलाला गेलिक वीराचे नाव देत होते त्याच काळात गेलिक बोलणारी घरे उपासमारीने, बोटींनी आणि शाळेतल्या छडीने रिकामी होत होती.

त्या मुलाच्या नावाचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनमध्ये त्याचे नवे नाटक रंगभूमीवर आले. त्याचा विषयच मुळी नाव हा होता : ‘अर्नेस्ट’ नावाच्या माणसाशीच लग्न करीन म्हणणाऱ्या दोन तरुणी. काही आठवड्यांत खटले उभे राहिले आणि नाटक चालू असतानाच जाहिरात-फलकांवरून लेखकाचे नाव पुसले गेले. रेडिंगच्या तुरुंगात तो ‘सी.३.३’ होता. पत्नीने मुलांसह आडनाव बदलले. सुटल्यानंतर त्याने स्वतः ‘सेबॅस्टियन मेल्मॉथ’ हे नाव घेतले.

आयर्लंडमधील नावांवर कायद्याची नजर जुनीच होती. १३६६ च्या किल्केनीच्या कायद्याने तिथल्या इंग्रज वसाहतकारांना इंग्रजी नावेच धारण करण्याचे बंधन घातले. १४६५ च्या कायद्याने डब्लिनच्या आसपासच्या चार परगण्यांतील आयरिशांना इंग्रजी आडनावे घ्यायला लावली : एखाद्या गावाचे, रंगाचे वा धंद्याचे. हे मध्ययुगातले झाले असे कोणी म्हणेल, म्हणून एक अलीकडचा दाखला देतो.

साल १९०५. स्टॉकहोममध्ये ऑस्कर दुसरा राज्य करतो आहे, गेलिक नाव धारण करणारा युरोपातील एक सन्मान्य वृद्ध राजा. आयर्लंडच्या डोनेगल परगण्यात नील मॅक गिला ब्रीजे नावाचा कवी राहतो. गाडीवर मालकाचे नाव ‘सुवाच्य अक्षरांत’ लिहिलेले असावे असा नियम आहे. त्याने आपले नाव आयरिशमध्ये, आयरिश लिपीत लिहिले आहे. दंड होतो. प्रकरण डब्लिनच्या न्यायालयात जाते. त्याच्या बाजूने उभा राहतो पंचविशीतला एक बॅरिस्टर, पॅट्रिक पिअर्स, जो अकरा वर्षांनी बंडाच्या नेतृत्वासाठी गोळ्या घालून मारला जाणार आहे. न्यायालयाच्या मते आयरिश अक्षरे सुवाच्य ठरत नाहीत. पिअर्स खटला हरतो आणि दंड कायम राहतो.